साडेचव्वेचाळीसचं गिऱ्हाईक

२ जून, सोमवार

काल साखऱ्याजवळच्या तांड्यावर मुलगी बघायला गेलो. मुलगी मी आधीच बघितलेली आहे. दीड वर्षापूर्वी ती कळमनुरीला आमच्या सेंटरवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली होती आणि तेव्हापासून आम्ही फोनवर बोलतो. पण हे याडीला, म्हणजे माझ्या आईला, माहीत नाही, म्हणून काल नव्यानं बघितली. मिना चहा घेऊन आली तेव्हा मी तिला नावही विचारलं. ती म्हणाली, “आधार कार्डावर आहे तेच.” याडीला हे उद्धट वाटलं. एवढं शिकवून वाढवलेल्या लेकराच्या नशिबी हे काय, असं ती परतीच्या जीपमध्ये दोनदा म्हणाली. मी बारावी नापास आहे हे आईच्या जातीला आठवत नाही.

मिनाचे वडील थावराकाका बैलांचे जुने व्यापारी. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत असं बघितलं की मला दात दाखवावेसे वाटले.

“करतो काय पोरगा?”

“साजीदभाईच्या ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरतो. नऊ हजार पगार.”

“ते दुसऱ्याचं झालं. सोताचं काय?”

स्वतःचं काहीच नाही. परवा मोबाईलवर एक लेख वाचला होता, तो तोंडातून निघून गेला. “शेअरचा धंदा करतो. एका बाजारात स्वस्त घ्यायचे, दुसऱ्या बाजारात महाग विकायचे.”

“लेका, हा तर आमचाच धंदा!” काकांनी मांडीवर थाप मारली. तीस वर्षं त्यांनी सेनगावच्या बाजारात बैल घेतले आणि कळमनुरीच्या बाजारात विकले. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, बाजूच्याला पत्ता लागायचा नाही. “बयाणा दिला की बैल आपला. बैल इकडं रस्त्यानं चालून राहिलेला, आन तिकडं मी त्याला विकून मोकळा!”

मग हुंडा देणार नाही असं सांगून त्यांनी अट घातली. पोळ्यापर्यंत या दोन बाजारांतून दहा हजार नफा करून दाखवायचा. पगारातला नाही, याडीचा नाही.

“आन न्हाई झाला तर?” याडीनं विचारलं.

“जिंतूरचा एक कंडक्टर विचारून राहिला. पोरगा चांगला हाय.”

माझ्याकडे आजच्या तारखेला एका बँकेचे अकरा शेअर आहेत. ते मी घेतलेले आहेत, विकलेले कधीच नाहीत. आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलं आहे.

५ जून, गुरुवार

देशात मोठे शेअर बाजार दोन. एनएसई नवा, बीएसई जुना. एकच कंपनी दोन्हीकडे असते आणि दोन्हीकडचा भाव पैशा-दोन पैशांनी वेगळा असतो. पैशा-दोन पैशांत मिना येणार नाही. म्हणून दोन मोबाईल शेजारी ठेवून सहाशे चाळीस कंपन्या तपासल्या. एक याडीचा मोबाईल. ती म्हणाली, “माझा काहून गरम झाला?”

रात्री सापडली. तुंगार इन्सुलेटर्स. एनएसईवर ४१.१०, बीएसईवर ४४.५०. कंपनी काय बनवते माहीत नाही. सगळी मुंबई झोपलेली आहे की काय? तीन वेळा तपासलं. नावात चूक नाही, दोन्हीकडे तेच स्पेलिंग आहे.

६ जून, शुक्रवार

साजीदभाईंना विचारलं, इन्सुलेटर म्हणजे काय. त्यांनी खिडकीतून विजेचा खांब दाखवला. “ती पांढरी कपं दिसून राहिली ना, ते.” मग म्हणाले, “बीएसईवर साडेचव्वेचाळीसला घेतंय कोण? आखरी सौदा कधीचा हाय ते बघ.”

आखरी सौदा बावीस दिवसांपूर्वीचा होता. तिथे गिऱ्हाईकच नाही. रिकाम्या दुकानावर भावाची पाटी लटकलेली असावी तसं ते ४४.५० आहे. जेवलो नाही.

९ जून, सोमवार

मिनाला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कंपनीचं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं. ती बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, पण अशा बाबतीत मला विचारते.

“म्हणजे तिथं कोणी घेणारं पाहिजे, एवढंच ना?”

“एवढंच. पण ते कोणाच्या हातात असतं?”

“व्हय, ते खरं,” ती म्हणाली.

१३ जून, शुक्रवार

मिनानं विचारलं की शेअरचं खातं कसं उघडतात. तिच्या एका मैत्रिणीला पाहिजे. मी माझी लिंक पाठवली. कोणी माझ्या लिंकवरून खातं उघडलं तर मला दोनशे रुपये मिळतात. मैत्रिणीचं नाव विचारलं तर म्हणाली, “वयानं मोठी आहे. तुम्हाला लाजते.”

दोनशे रुपये सायंकाळी आले. हे नफ्यात धरायचे नाहीत, कारण दोन बाजारांतले नाहीत.

१७ जून, मंगळवार

आजचं वेळेसकट लिहितो.

११ वाजून २० मिनिटांनी बीएसईवर तुंगारला एक खरेदीदार आला. भाव ४४.५०. संख्या ११. साजीदभाईंना विचारायच्या आधीच एनएसईवरून ४१.१५ ला घेतलेले पन्नास माझ्याकडे पडून होते. हात धुऊन आलो आणि अकरा विकले. लगेच गेले. प्रत्येक विक्रीला अठरा रुपये आणि काही पैसे कापतात. ते जाऊन नफा अठरा रुपये.

अठरा रुपये! साजीदभाई म्हणाले, चहा पाज. दोन चहा वीस रुपये होतात, म्हणून पाजला नाही.

२४ जून, मंगळवार

खरेदीदार रोज येतो. ११:२० म्हणजे ११:२०. कधी २१, कधी ५१, काल १०१. मला वाटतं हा मोठा फंड आहे. आकडे असे विषम असणं ही संगणकाची करामत असावी, म्हणजे बाजाराला त्यांचा माग लागू नये. सकाळची मीटिंग ११:१५ ला संपत असेल. काचेची इमारत, वर एसी, आणि साहेब कोणाशीही न बोलता बोटानं बटण दाबतात. मी त्यांना मनात ‘साहेब’च म्हणतो. ज्या माणसाच्या चुकीवर आपला संसार उभा राहायचा आहे त्याला अरेतुरे करणं बरोबर नाही.

२५ जून, बुधवार

साहेब आले नाहीत. दिवसभर पाणी प्यायलो नाही.

याडी म्हणाली, “आज आमुशा हाय, कोणतं चांगलं काम होत न्हाई.” तिला कसं समजावणार की मुंबईला अमावस्या नसते.

२६ जून, गुरुवार

आले. १०१. नफा ३१० रुपये ६० पैसे.

४ जुलै, शुक्रवार

साहेबांच्या गैरहजेरीचा अभ्यास चालू आहे. कळमनुरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ते गेल्या दोन्ही वेळा आले नाहीत. योगायोग आहे. मंगळवारी साखऱ्याकडच्या लाइनवर दिवसभर वीज नव्हती असं मिना म्हणाली, त्या दिवशीही आले नाहीत. विजेच्या बाबतीत मात्र योगायोग नसावा. तुंगार ही विजेच्या खांबावरच्या मालाची कंपनी आहे, तेव्हा ग्रामीण भागातल्या भारनियमनावर साहेबांचं लक्ष असणारच. एवढा खोल अभ्यास मी कधी करणार?

साजीदभाईंना हे सांगितलं. त्यांनी झेरॉक्सचं मशीन बंद केलं. “प्रेमदास, मी नांदेडहून झेरॉक्सचा कागद आणतो तर मला मालूम असतं कोण घेणार. तुला तुझं गिऱ्हाईक मालूम न्हाई. चारशे रुपयासाठी मुंबईवाला रोज उठून बसंल का बे?”

मी म्हणालो, मोठी माणसं लहान रकमेलाही जपतात.

११ जुलै, शुक्रवार

एकूण नफा ३,१८८. जरा कमीच आहे.

मिना रात्री विचारते, “उद्या किती विकणार?” तिला माझ्या धंद्यात एवढा रस आहे याचं बरं वाटतं. काल मी १२० म्हणालो. आज साहेबांनी १२१ मागितले. परवा मी ९० म्हणालो होतो, तर त्यांनी ९१ मागितले. माझ्या मनातलं ओळखून वर एक ठेवतात. बाजाराची नाडी म्हणतात ती हीच असावी.

आणखी एक. मी एनएसईवर घ्यायला लागलो की तिथला भाव वाढतो. माझी निवड बरोबर आहे हे यावरून दिसतं, पण त्यामुळे मलाच महाग पडतं.

१६ जुलै, बुधवार

आज आठवडी बाजारात थावराकाका भेटले. बैल विकायचे सोडून सात वर्षं झाली, तरी ते दर आठवड्याला येतात, बैलांच्या पाठीवरून हात फिरवतात आणि भाव विचारून परत जातात. त्यांनी मला रसवंतीवर बसवलं.

“किती झाले?”

“पस्तीसशे.”

“तुजं होल्डिंग किती दिवसाचं असतं?”

होल्डिंग हा शब्द काकांना कुठून कळला? टीव्हीवरून असावा. मी म्हणालो, “मी ठेवतच नाही. आज घेतो, उद्या माल खात्यात येतो, की विकतो. तिकडं एक मूर्ख बसलाय, कितीही द्या, महाग घेतो.”

हे मी फुशारकीत बोललो. साहेबांना मूर्ख म्हणायला नको होतं.

“असतो, असतो,” काका खूश होऊन म्हणाले. “बाजारात मूर्खच पैसे घिऊन येतो. त्याला सोडू नको.”

“तुम्ही पण बघता का काका, शेअर?”

“छ्या! ज्या मालाला हात लावता येत न्हाई तो माल कसला?” आणि रसाचे पैसे त्यांनी दिले.

२४ जुलै, गुरुवार

साहेब आले नाहीत. आज पुन्हा अमावस्या. बहुतेक परदेशी फंडांत महिन्यातून एकदा असा बंद ठेवत असावेत.

३१ जुलै, गुरुवार

एकूण नफा ५,६४०. पोळा २२ ऑगस्टला आहे. रोज सरासरी किती लागतील याचं गणित तीन रीतींनी केलं. तिन्ही उत्तरं वेगळी आली. सगळ्यांत वाईट उत्तर खरं धरलं.

जिंतूरच्या कंडक्टरचे आईवडील सोमवारी तांड्यावर येऊन गेले. मिनानंच सांगितलं. काकांनी त्यांना “पोळ्यानंतर बोलू” म्हटलं आणि त्यांच्यासमोर दोनदा मोबाईल बघितला. कंडक्टरच्या आईनं विचारलं, “तुमाला कोणाचा फोन येणार हाय का?”

मिना हे सांगताना हसत होती. मला हसू आलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

आज साहेबांबद्दल वाईट वाटलं. रोज चारशे रुपये मी त्यांच्या खिशातून काढतो. त्यांनाही कोणीतरी वरचा असेल, तो विचारत असेल, एक्केचाळीसचा माल साडेचव्वेचाळीसला काहून घेतला? साहेब वयस्क असावेत. कदाचित त्यांच्याही घरी मुलगी असेल, तिच्या लग्नासाठी काही बाजूला काढलेलं असेल.

मग ठरवलं की दहा हजार झाले की थांबायचं. एक रुपयाही जास्त नाही.

मिनाला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, “तुम्ही फार चांगले आहात. पण दहा हजार होईपर्यंत असं काही मनात आणू नका.”

२० ऑगस्ट, बुधवार

एकूण ८,८९०. परवा पोळा. पोळ्याला अमावस्या, म्हणजे साहेब येणार नाहीत हे मी आता गृहीत धरतो. राहिला फक्त उद्याचा दिवस. कमी पडतात एक हजार एकशे दहा. माझ्या खात्यात आज एकही शेअर नाही, सगळे विकून झाले. आज घेतले असते तर उद्या विकायला मिळाले असते, पण आज एनएसईवर सकाळपासून भाव चढाच होता आणि मी उतरायची वाट बघत बसलो. तीन वाजले. बाजार साडेतीनला बंद होतो हे मला माहीत आहे. तरी साडेतीन वाजून गेल्यावर कळलं.

मिनाला फोन करून सांगितलं की संपलं, कंडक्टरला हो म्हण.

“किती विकले तर होतील?”

“तीनशे. पण एवढे ते कधी घेत नाहीत.”

“बघू,” ती म्हणाली. “झोपा तुम्ही.”

२१ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांनी ३०१ मागितले.

११:२० ला हे आकडे बघून मी खुर्चीवरून उठून पुन्हा बसलो. हातात माल नाही आणि गिऱ्हाईक दारात उभं. तेव्हा मला काकांचं बोलणं आठवलं. बयाणा दिला की बैल आपला. बैल रस्त्यात असतानाच विकायचा. मी एनएसईवर ४०.८० ला तीनशे एक घेतले. पैसे दिले, म्हणजे माल माझा. बीएसईवर विकायला गेलो तर ॲप म्हणालं, तुमच्याकडे माल नाही. दुसरं एक बटण असतं, ज्यांना सकाळी विकून सायंकाळच्या आत परत घ्यायचं असतं त्यांच्यासाठी. ते दाबलं. ॲपनं विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? ॲपला काय माहीत सेनगावचा बाजार.

विकले गेले. या बटणाला अठरा रुपये नाही, तीनेक रुपयेच कापतात.

एकूण नफा दहा हजार एक रुपया. मी सेंटरमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

याडीला घेऊन तांड्यावर गेलो. तारीख आणि त्या दिवशीचा नफा एवढाच कागद छापून नेला होता, दोन प्रती. काकांनी चष्मा लावला, कागद उलटा धरला, मग मिनाला वाचायला सांगितलं. तिनं सगळा वाचला, तारखांसकट. काका प्रत्येक तारखेला मान हलवत होते. शेवटची बेरीज ऐकून त्यांनी बैलांसाठी आणलेला गुलाल माझ्या कपाळाला लावला.

“पोरगा धंद्याचा हाय. येत्या आयतवारी साखरपुडा.”

याडी रडली. मीही रडलो असतो, पण कागदावर पाणी पडलं असतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

ॲपचा संदेश इंग्रजीत होता. साजीदभाईंनी समजावून सांगितला. मी बीएसईवर तीनशे एक विकले, पण द्यायच्या वेळी माझ्या खात्यात नव्हते. एनएसईवर घेतलेले नंतर पोचले. एका बाजारात घेतलेला माल दुसऱ्या बाजारात त्याच दिवशी देता येत नाही. गिऱ्हाईकाला माल मिळाला नाही, माल मिळवायला बाजारानं केलेल्या लिलावातही कोणी तुंगार द्यायला आला नाही, म्हणून माझ्याकडून वीस टक्के दंड कापला. दोन हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर रुपये नव्वद पैसे.

“आन हे पैसे कोणाला गेले?” मी विचारलं.

“ज्याला माल भेटला न्हाई त्याला. तुझ्या साहेबाला.”

त्या सौद्याचा नफाही गेला. एकूण नफा सहा हजार दोनशे अकरा. साखरपुडा रविवारी. कपाळाचा गुलाल अजून नीट गेलेला नाही.

काकांचा फोन आला होता. “उद्या ये. तुज्याकडं एक काम हाय. याडीला नको आणू.”

२६ ऑगस्ट, मंगळवार

काकांनी मला मागच्या बाजूला, कडब्याच्या वळईजवळ नेलं. इकडे तिकडे बघून खिशातून रुमालात गुंडाळलेला मोबाईल काढला. मिना दारात धान्य निवडत बसली होती.

“हसू नको,” काका म्हणाले. “मी बी तुमचा बाजार बघून राहिलो व्हतो. पोरगी ज्या धंद्यात द्यायची तो धंदा बघावा लागतो. मिना बटणं दाबायची, मी निसतं घे म्हणायचो. नव्या बाजारावर आपला भरवसा न्हाई, जुन्यातच घेतले. दोन महिने सगळं बराबर चाललं. आन या बेस्तरवारी तीनशे एक घेतले, तर माल आलाच न्हाई! पैसे वापस आले, वरून सव्वीसशे जास्त. मला फुकटचे नको. मला सांग, हा भामटा कोण हाय? दावणीला बैल न्हाई आन विकून राहिला! तीस वर्षांत असा माणूस मी बाजारात उभा ठिवला न्हाई. याचं नाव काढून दे मला.”

मी मोबाईल हातात घेतला. तुंगार. ३०१. भाव ४४.५०. वेळ ११:२०. बोटानं वर सरकवत गेलो. १२१. ९१. १०१. ५१. अगदी तळाला, १७ जून, ११. ही माझीच वही होती, फक्त उलट्या बाजूनं लिहिलेली.

दारातून मिनानं मान हलवली. नाही, नाही, असं.

मुंबईचा कोणीतरी असेल काका, नाव कळत नसतं, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. रविवारी साखरपुडा होता. पण मी दिवसाला चाळीस माणसांना ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ याच्याखाली सही करायला लावतो. अंगठा लावणाऱ्यांना तर वाचूनही दाखवतो.

“तो मी आहे, काका.”

“कोण तू?”

“तो भामटा.”

काकांनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. “आन आधीचे?”

“तेही मीच.”

“सगळे?”

“दोन हजार सहाशे अठरा. त्यांचा माल मात्र दिलेला आहे.”

“तीनशे एकचा काहून न्हाई दिला?”

“तुम्हीच म्हणाला होता, बैल रस्त्यात असला तरी विकायचा.”

“आरं, रस्त्यात व्हता, पण बैल व्हता! मी त्याच्या पाठीवर हात ठिवून बयाणा दिलेला असायचा!” त्यांचा आवाज चढला. कोंबड्या पळाल्या. मग एकदम खाली आला. “आन तिकडं एक मूर्ख बसलाय म्हणला व्हता तू. रसवंतीवर.”

मी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

“त्या दिशीचा रस बी मीच पाजला,” काका म्हणाले, आणि दाराकडे वळले. “मिना! ते दुसऱ्या बाजारात एक्केचाळीसला भेटून राहिले व्हते, तुला मालूम व्हतं?”

“व्हतं.”

“मंग मला साडेचव्वेचाळीसला काहून घेऊन दिले?”

“तुम्हीच म्हणले, नवा बाजार नको, जुन्यातच घे.” तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. “आन दहा हजाराची अट बी तुमीच घातली. कुठून तरी यायलाच पाहिजे व्हते ना, बाबा?”

काका वळईला टेकून खाली बसले. त्यांनी रुमालाच्या घड्या घातल्या, पुन्हा सोडल्या. मला कंडक्टर दिसत होता, गणवेशात, पिशवी अडकवून.

“त्या बाजारात घेणारा दुसरा कोणी व्हता का?”

“नाही.”

“विकणारा?”

“नाही.”

“एकच घेणारा, एकच विकणारा,” काका म्हणाले, “मंग त्याला बाजार म्हणत न्हाईत पोरा. त्याला सोयरिक म्हणतात. ती जूनपासून लागलेली हाय, मला काय इचारता आता?”

मी श्वास सोडला तेवढ्यात ते पुढे म्हणाले, “पण खोडील जनावर माघारी घ्यावं लागतं. ज्या भावानं दिलं त्याच भावानं. दोन हजार सहाशे अठरा. रोज एकशे एक.”

“माझं साधारण चौदा हजार नुकसान होईल, काका.”

“माजं झालंच ना? मी तुला हुंडा न्हाई म्हणलो व्हतो. देणार न्हाई म्हणजे न्हाई.”

३१ ऑगस्ट, रविवार

साखरपुडा झाला. जेवण साधं ठेवलं होतं. काका सगळ्यांना सांगत होते की पोराला बाजारातला एकेक माणूस ओळखू येतो.

साहेबांची आठवण येते. काचेची इमारत गेली, एसी गेला. त्यांच्या घरी मुलगी असेल, हा एक अंदाज तेवढा बरोबर निघाला.

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून माघारी घेणं सुरू. माझ्याजवळ एवढे पैसे एकदम नाहीत. बीएसईवर काकांकडून साडेचव्वेचाळीसला घ्यायचे, दुसऱ्या दिवशी एनएसईवर ३९ ला विकायचे, त्या पैशांत पुन्हा काकांकडून घ्यायचे. म्हणजे स्वस्त बाजारात विकायचं आणि महाग बाजारात घ्यायचं. साजीदभाईंनी हे दोनदा सांगायला लावलं आणि दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं. “ये तो पहिली बार सुना, बाबा,” म्हणाले. मग बीएसई कशी उघडतात ते त्यांनी माझ्याकडून मोबाईलवर नीट समजून घेतलं.

पहिला दिवस सुरळीत गेला. १०१. तोटा लिहायला वेगळा रकाना आखला.

९ सप्टेंबर, मंगळवार

११:२० ला १०१ ची बोली लावली. मिनानं तिकडून विकायचे होते. तिची भाकर तव्यावर होती, एखादा मिनिट गेला असेल. बघतो तर ५१ विकले गेलेले! उरले पन्नास, तेवढेच तिला विकता आले.

लगेच काकांचा फोन. “कोण हाय रे तो? माज्या आधी विकून गेला!”

“मुंबईचा असेल, काका. फरक बघून शिरला असेल.”

“एक्कावन्न?” काका म्हणाले. “वर एक ठिवून? मुंबईचा न्हाई तो. आपल्याकडचाच हाय कोणीतरी. नीट बघ.”

मी नीट बघितलं. ॲपवर नाव दिसत नाही. म्हणजे आता काकांचे तर घ्यायचेच आहेत, वर या अनोळखी माणसाचेही. रोज ५१ धरले तर महिन्याचं नुकसान किती, याचं गणित दुपारभर करत बसलो. साजीदभाई आज का कोण जाणे खुशीत होते. बाहेर जाऊन आले ते सगळ्यांसाठी चहा आणि भजी घेऊनच. मला दोन भजी जास्त दिली, म्हणाले, “खा रे, तुझं लगीन हाय.”

सायंकाळी शटर ओढताना त्यांनी सहज विचारलं, “उद्या किती लावणार?”

मी सांगितलं, एकशे एक.